उल्कापात आणि साक्ष

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आमच्या वस्तीत अजून कुणी विसरलेले नाही. शनिवार होता. भीमजयंतीला बारा दिवस उरले होते आणि विहाराच्या अंगणात वर्गणीचा हिशेब, निळ्या पताका, मिरवणुकीचा रस्ता या दरसालच्या विषयांवर दरसालच्याच तावातावाने बोलणे चालले होते. गावात त्या दिवशी गुढीपाडवा साजरा झाला होता. अमावास्या आदल्याच दिवशी सरलेली, त्यामुळे आभाळ काळेभोर होते. पावणेआठच्या सुमारास एक पोर ओरडले, "वर पाहा!"

पश्चिमेकडून आगीचा एक लोळ येत होता. पुढे पिवळसर-पांढरे डोके, मागे लांब शेपूट, आणि त्या शेपटीत सुटत जाणारे लाल ठिपके. आवाज कसलाही नाही. साऱ्या अंगणात कुणी बोलेना. तो लोळ आमच्या डोक्यांवरून सरकत पूर्वेला गेला, विझत विझत झाडांच्या रेघेमागे गेला, आणि मग सगळेच एकदम बोलू लागले.

कुणी म्हणाले विमान पेटले. कुणी म्हणाले क्षेपणास्त्र सुटले. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, पाडव्याच्या दिवशी आभाळातून आग, हे साल काही धड जायचे नाही. अलीकडेच दीक्षा घेतलेल्या एका कुटुंबातील सूनबाईने लेकराला पोटाशी धरले आणि तिच्या तोंडून जुन्या कुलदैवताचे नाव निघून गेले. लगेच तिने माझ्याकडे पाहिले आणि ती ओशाळली. मी तिला दोष देत नाही. भीती वाटली म्हणजे जीभ जुन्या वळणावर जाते. ती वळणे पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत, दीक्षेच्या एका दिवसात बुजत नाहीत.

मी शाळेत मास्तर होतो. आता निवृत्त असलो तरी वस्तीत गुरुजीच आहे. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "घाबरण्याचे काही कारण नाही. ही उल्का आहे. अंतराळातला दगड हवेत शिरला की पेटतो, तेवढेच. शकुन नाही, अपशकुन नाही." मग पाच-दहा मिनिटे मी उल्कांवर बोललो. लोक शांत झाले. मलाही बरे वाटले. खोटे कशाला सांगू, जरा जास्तच बरे वाटले.

तेवढ्यात ओट्यावर बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "गुरुजी, हे काई तुटलेला तारा नोता. तारा तुटते तो पायता पायता इझते. हे त चालत गेलं, हयूहयू. एकामागं एक, आगगाडीच्या डब्यावानी."

मावशींचे वय ऐंशीच्या घरात. १९५६ साली आईचा पदर धरून त्या नागपूरला दीक्षेला गेल्या होत्या. शाळा त्यांनी पाहिली नाही. मी हसून म्हणालो, "मावशी, त्या मोतीबिंदूच्या डोळ्यांनी तुम्हाला डबेसुद्धा दिसले का?" अंगण हसले. मावशीही थोड्या हसल्या आणि म्हणाल्या, "असन बाप्पा. तुमी शिकले-सवरले."

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात त्याच रात्री आभाळातून एक धातूचे भलेमोठे कडे पडले होते. त्याचा व्यास सुमारे तीन मीटर होता. आसपासच्या भागात धातूचे पोकळ गोळेही सापडले. पोलिसांनी वस्तू ताब्यात घेतल्या. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. अंतराळयानांचा मागोवा ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले की फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या 'चांग झेंग ३ बी' अग्निबाणाचा तिसरा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरून हवेत शिरला, तोच हा.

म्हणजे ती उल्का नव्हती. आणि उल्का नव्हती हे ओळखण्याची जी खूण शास्त्रज्ञ सांगतात, नेमकी तीच खूण मावशींनी ओट्यावर बसून सांगितली होती. उल्का सूर्याभोवती फिरता फिरता पृथ्वीवर आदळते. तिचा वेग सेकंदाला कमीत कमी ११ आणि जास्तीत जास्त ७२ किलोमीटर इतका असतो. वाळूच्या कणाएवढी उल्का पापणी लवेपर्यंत संपते. शुक्राहून तेजस्वी असा अग्निगोल झाला तरी बहुधा काही सेकंदांचा खेळ. याउलट पृथ्वीभोवती फिरणारे यान किंवा अग्निबाणाचा सांगाडा सेकंदाला आठेक किलोमीटरच्या वेगाने, हवेला जवळजवळ आडवा होऊन शिरतो. म्हणून तो सावकाश जाताना दिसतो, मिनिटभरही दिसू शकतो, आणि त्याचे तुकडे एकाच वाटेवर एकामागून एक चालतात. हयूहयू. आगगाडीच्या डब्यावानी.

माझी चूक कोणती झाली? उल्का म्हणालो ही चूक लहान. अनेक शहाण्यासुरत्या माणसांनी त्या रात्री तेच म्हटले. मोठी चूक वेगळी आहे. मी आभाळाकडे पाहिले तेव्हा माझ्या मनात 'उल्का' हा शब्द आधीच तयार होता, आणि शब्द सापडताच मी पाहणे थांबविले. मावशींजवळ शब्द नव्हता, म्हणून त्या पाहत राहिल्या. आणि जिने पाहिले तिला मी गप्प केले, तेही चारचौघांत हसे करून. अपशकुन सांगणाऱ्या गृहस्थांचे मी खंडन केले. मावशींचे तर खंडनसुद्धा केले नाही, त्यांना साक्षीदार म्हणून मोजलेच नाही. अंधश्रद्धेशी लढतो म्हणविणाऱ्या माणसाने हे केले, म्हणून ते या पाक्षिकात लिहिणे मला भाग वाटते.

कुणाची साक्ष मोजायची आणि कुणाची नाही, हा प्रश्न आपल्यासाठी नवा नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीदार कोण असावा याचे नियम आहेत. स्त्रियांच्या बाबतीत स्त्रियांनी साक्ष द्यावी, द्विजांसाठी द्विजांनी, शूद्रांसाठी शूद्रांनी, आणि अंत्यजांसाठी अंत्यजांनी, असा तो हिशेब आहे. डोळा काय पाहतो हे डोळा कोणत्या जातीचा यावर ठरविणारा हा कायदा होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तो ग्रंथ जाळला गेला, तेव्हा इतर अनेक गोष्टींबरोबर हेही जळाले. निदान जळाले असे आपण मानतो.

गंमत अशी की गावगाड्याला मात्र आपल्या साक्षीवाचून चालत नव्हते. गावशिवेचा तंटा पडला म्हणजे शीव कुठून जाते हे महाराने सांगायचे, आणि त्याचा शब्द मानला जायचा. वेशीवर रात्री जागायचे तेही येसकर महारानेच. सारा गाव दारे लावून झोपलेला असताना उघड्या आभाळाखाली जागा असणारा माणूस तो. तुटणारे तारे, शेंडेनक्षत्रे आणि अग्निगोल या मुलखात सर्वांत जास्त कुणी पाहिले असतील तर त्यानेच. परंतु त्याने काय पाहिले हे कुठल्याही पोथीत नाही. पंचांग लिहिणारा झोपला होता आणि पाहणाऱ्याच्या हाती लेखणी नव्हती.

असे फक्त आपल्याच देशात झाले असे समजू नये. फ्रान्समध्ये १७६८ च्या सप्टेंबरात ल्युसे या गावी शेतात काम करणाऱ्या मजुरांनी मेघगर्जनेसारखा आवाज ऐकला आणि एक दगड कुरणात पडताना पाहिला. दगड हात लावता येणार नाही इतका गरम होता. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तिघांची समिती नेमली. त्यांत लाव्हाझिए होते. आधुनिक रसायनशास्त्राचा पाया ज्यांनी घातला तेच. समितीने दगड तपासला आणि निर्णय दिला की हा जमिनीवरचाच दगड, त्यावर वीज पडली असावी. मजुरांनी पडताना पाहिला त्याचे काय? खेडवळ लोकांची कल्पना. पुढे १७९० च्या जुलैत बार्बोतान भागात दगडांचा वर्षाव झाला, तेव्हा तिथल्या नगराध्यक्षाने आणि तीनशे नागरिकांनी सह्यांचा दाखला पाठविला. पॅरिसच्या विद्वानांनी त्याची टिंगल केली. आभाळात दगड नाहीत, तेव्हा आभाळातून दगड पडणार नाहीत, इतका सरळ त्यांचा तर्क होता.

मग हे बदलले कसे? १७९४ साली क्लाड्नी नावाच्या जर्मन विद्वानाने एक छोटे पुस्तक लिहून मांडले की हे दगड आणि हे अग्निगोल अंतराळातूनच येतात. क्लाड्नी ध्वनिशास्त्रासाठी प्रसिद्ध आहेत, परंतु त्यांचे शिक्षण कायद्याचे होते. त्यांनी कोर्टातल्या वकिलाप्रमाणे जुन्या साक्षी काढून बसविल्या. निरनिराळ्या देशांतील, निरनिराळ्या काळांतील, एकमेकांचे नावही न ऐकलेली माणसे एकाच प्रकारचे वर्णन करीत असतील, तर ती सारी मिळून खोटे बोलतात असे मानणे अधिक कठीण आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांचीही थट्टा झाली. नंतर २६ एप्रिल १८०३ रोजी नॉर्मंडीतील लेग्ल गावाच्या परिसरात भर दुपारी सुमारे तीन हजार दगड कोसळले. सरकारने बिओ नावाच्या तरुण शास्त्रज्ञाला पाठविले. हा मनुष्य पॅरिसमध्ये बसून राहिला नाही. तो लांबच्या गावापासून विचारीत विचारीत निघाला. प्रवासी, गाडीवान, शेतकरी, बायाबापड्या, पाद्री, जो भेटेल त्याला विचारले: काय पाहिले, कोणत्या दिशेला, आवाज किती वेळ. दगड गोळा केले आणि पाहिले की तसा खडक त्या मुलखात कुठे आढळत नाही. त्याचा अहवाल आल्यावर विद्वानांच्या जगाने मान्य केले की आभाळातून दगड पडतात. मजुरांना हे पस्तीस वर्षे आधी ठाऊक होते.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते मला विशेष बोचते. अग्निगोल पाहणारी कित्येक माणसे सांगतात की तो जाताना सूं-सूं किंवा तडतड असा आवाज आला. हे ऐकताच शिकलेला माणूस हसतो. अग्निगोल पन्नास-साठ किलोमीटर वर असतो आणि आवाज सेकंदाला साधारण एक तृतीयांश किलोमीटर चालतो. गडगडाट यायचाच असेल तर दोन-तीन मिनिटांनी येईल, दिसताक्षणी कसा येईल? १७१९ च्या मार्चमध्ये इंग्लंडवरून मोठा अग्निगोल गेला. त्याचे वृत्तांत एडमंड हॅले यांनी गोळा केले. ज्यांच्या नावाचा धूमकेतू आहे तेच हे हॅले. त्यांनी लोकांच्या वर्णनांवरून गोलाची उंची काढली, पण आवाज ऐकला म्हणणाऱ्यांना मनाचा भास झाला असे ठरविले. हा भास म्हणे अडीचशे वर्षे टिकला! १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील पदार्थवैज्ञानिक कॉलिन की यांनी सुचविले की अग्निगोलातून रेडिओ लहरी निघत असाव्यात, त्या प्रकाशाच्याच वेगाने येतात आणि जवळचे केस, पाने, चष्म्याची तार अशा वस्तूंना थरथरवून आवाज उमटवितात. २०१७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दुसरी उपपत्ती मांडली: प्रखर प्रकाशाच्या झटक्यांनी केस आणि पाने क्षणोक्षणी तापतात आणि त्यांतून आवाज होतो. यांतील कोणती खरी, की दोन्ही, याचा निकाल लागायचा आहे. परंतु ज्यांना वेड्यात काढले ती माणसे खोटे बोलत नव्हती एवढे आता शास्त्र मानते.

येथे कुणी विचारील, गुरुजी, मग काय ज्याने जे सांगितले ते सारे खरे मानायचे? पाडव्याला आग दिसली म्हणून साल वाईट, हेही मानायचे का? मुळीच नाही. पण फरक कुठे आहे तो नीट समजून घेतला पाहिजे.

त्या रात्री आमच्या अंगणातील निम्म्या लोकांनी शपथेवर सांगितले असते की आगीचा लोळ नदीकाठच्या लिंबाच्या झाडामागे पडला. दोन तरुण बॅटरी घेऊन पाहायलाही गेले. लिंबामागे काय असणार? कडे पडले ते कितीतरी कोस दूर, लाडबोरीला. अग्निगोल पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटते तो जवळच पडला, कारण तो क्षितिजाखाली जातो तेव्हा आपल्या नजरेच्या टोकाला जे झाड, जे घर असते त्यामागे गेल्यासारखा दिसतो. आता पाहा: 'तो लिंबामागे गेला' ही साक्ष आहे. खरी साक्ष आहे, आणि उपयोगाची. 'तो लिंबामागे पडला' ही भर आहे. 'तो पडला म्हणून साल वाईट जाणार' ही भरीवर भर. आणि मी जे म्हणालो, 'ही उल्का आहे', तीसुद्धा भरच होती. माझी भर विज्ञानाच्या पुस्तकातून आली होती आणि त्या गृहस्थांची पंचांगातून, एवढाच फरक. पुस्तक पंचांगाहून चांगले आहे यात मला शंका नाही. मात्र पुस्तकातला शब्द मी डोळ्यांपुढे आडवा धरला होता.

आपण दररोज पंचशील म्हणतो. चौथ्या शीलात खोटे बोलण्यापासून दूर राहण्याची शिकवण आपण ग्रहण करतो. खोटे म्हणजे नसलेले आहे म्हणणे, एवढाच अर्थ आपण बहुधा घेतो. पाहिलेल्यात न पाहिलेले मिसळून सगळे 'मी पाहिले' म्हणून सांगणे, हेही त्यात येते असे मला अलीकडे वाटू लागले आहे. यात बहुतेक वेळा फसविण्याचा हेतू नसतो. भीती असते, हौस असते, आपल्या शब्दाला वजन यावे ही इच्छा असते. त्या रात्री तासाभरात आमच्या मोबाइलवर चित्रफिती येऊ लागल्या. चित्रफिती खऱ्या होत्या, त्यांखाली लिहिलेला मजकूर ज्याच्या त्याच्या मनाचा. आणि पुढे पाठविणाऱ्याने आणखी दोन ओळी घातल्या. चित्र बोलत होते तेवढे पुरेसे होते.

उल्कापाताचा विषय तथागतांच्याही काळी निघालेला आहे. दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजालात, काही श्रमण-ब्राह्मण कोणकोणत्या विद्यांवर पोट भरतात याची लांबलचक यादी आहे. ग्रहण होईल, भूकंप होईल, उक्कापात होईल, आणि त्याचे फळ असे असे होईल, असे सांगून उपजीविका करणे त्या यादीत येते, आणि श्रमण गोतम अशा विद्येपासून अलिप्त राहतो असे तेथे म्हटले आहे. उक्कापात होतच नाही असे तेथे म्हटलेले नाही, हे लक्षात घ्यावे. आभाळात आग दिसते, ही घटना आहे. त्या आगीचे फळ सांगून दक्षिणा घेणे हा धंदा आहे. धंद्याला सोडले म्हणून घटनेकडे पाठ फिरविण्याचे कारण नाही. माझ्या ओळखीचे काही कार्यकर्ते ग्रहण, धूमकेतू, उल्का यांचे नाव काढले की म्हणतात, सोडा, आपण त्यातले नाही. अरे, आपण शकुनातले नाही. आभाळ काय भटजीचे आहे?

आमच्या विदर्भातलेच लोणार पाहा. बुलढाणा जिल्ह्यात काळ्या बेसॉल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर. तेथे लवणासुर नावाचा दैत्य राहत होता आणि विष्णूने त्याला मारले, ही कथा. ज्यांना कथा मान्य नव्हती ते कित्येक शास्त्रज्ञही ज्वालामुखीचे मुख म्हणून मोकळे होत. शेवटी खडकाचे नमुने काढून, प्रचंड आघातानेच बनते अशी काच त्यांत दाखवून, १९७३ साली ते आघाताचे विवर आहे असे प्रसिद्ध झाले. दैत्यावर विश्वास नसणे एवढ्याने लोणार समजले नाही. खाली उतरून दगड उचलावा लागला.

आता कालामांची आठवण येथे होणे साहजिक आहे. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले की ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका. हा उपदेश आपल्या सभांतून फार सांगितला जातो. मीही शेकडो वेळा सांगितला आहे. त्या यादीच्या शेवटी आणखी एक गोष्ट आहे: सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून मानू नका. माझ्या भाषणांत हे शेवटचे वाक्य नेहमी घाईने येऊन जात असे. मावशींनी त्या संध्याकाळी आपल्या डोळ्यांनी पाहिलेले सोडले आणि गुरुजींचे म्हणणे घेतले. देवळातल्या पुजाऱ्याचे ऐकायचे नाही हे त्यांना आम्ही पासष्ट वर्षे शिकविले, आणि पुजाऱ्याच्या जागी मी बसलो होतो.

भीतीबद्दलही थोडे. १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे वीस मीटर आकाराचा दगड हवेत फुटला. सूर्याहून प्रखर उजेड पडला. लोक काय झाले ते पाहायला खिडक्यांशी धावले. आवाजाचा धक्का मागाहून, मिनिटा-दोन मिनिटांनी आला आणि काचा फुटल्या. सुमारे दीड हजार माणसांना उपचार घ्यावे लागले, ते मुख्यतः काचांमुळे. एका शाळेतील शिक्षिकेने मात्र उजेड पाहताच मुलांना बाकांखाली बसविले. उजेड कशाचा हे तिला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक आहे असे ती म्हणालीही नाही. तिला स्वतःला काचेने जखमा झाल्या, मुले वाचली. माझ्या व्यवसायातली ही बाई. तिच्यापुढे माझे ते पाच-दहा मिनिटांचे भाषण आठवले की मान खाली जाते.

घरोघरी मुले विचारतात, म्हणून कामाचे तेवढे सांगून ठेवतो. आभाळात असे काही दिसले तर नाव देण्याची घाई करू नये. मोठ्याने एक, दोन, तीन मोजत राहावे, म्हणजे किती वेळ दिसले ते कळते. कुठून निघाले आणि कुठे मावळले ते एखाद्या झाडाच्या, घराच्या खुणेने लक्षात ठेवावे. हात लांब करून मूठ धरली की मुठीची रुंदी आभाळावर साधारण दहा अंश भरते, त्यावरून उंची सांगता येते. रंग, तुकडे, आवाज, आणि आवाज किती वेळाने. फार प्रखर असेल तर खिडकीपासून दूर. मग कुणाशीही बोलण्याआधी कागदावर लिहून काढावे, कारण बोलले की एकाचे दुसऱ्यात मिसळते. दोन गावांच्या माणसांनी एवढे प्रामाणिकपणे लिहिले तर जाणकार त्या दोन रेघा जिथे छेदतात तिथे जाऊन दगड शोधू शकतात. यासाठी पदवी लागत नाही.

बातमी कळल्यावर चार दिवस मी मावशींच्या घरी गेलो नाही. सरळ सांगायचे तर लाज वाटत होती. पाचव्या दिवशी गेलो. त्या गव्हातले खडे निवडीत बसल्या होत्या. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही म्हणाला तेच खरे निघाले. मी चुकलो, आणि चारचौघांत तुम्हाला हसलो ते त्याहून वाईट केले." त्यांनी सूप बाजूला ठेवले. म्हणाल्या, "मी त नातवाईले सांगून टाकलं ना, उल्का होती म्हून. गुरुजी म्हनले म्हून." मी म्हणालो, नातवांना बोलवा आणि तुम्ही पाहिलेले पुन्हा सांगा. नातवंडे आली. त्यांनी पुन्हा सांगितले, मी वहीत लिहून घेतले. एक गोष्ट त्यांनी त्या रात्री सांगितलीच नव्हती: शेवटच्या डब्याचा रंग हिरवट होता. मला तो आठवत नाही. मी त्या वेळी भाषण करीत होतो.

त्यानंतर आम्ही एक प्रथा पाडली. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीच्या बाजूने उल्कांचा वर्षाव होतो, तो पाहायला मुलांना घेऊन विहाराच्या गच्चीवर बसायचे. २०२३ साली अमावास्या १२ तारखेच्या सुमारास आल्यामुळे आभाळ फार छान मिळाले. मुलांना वह्या दिल्या होत्या. मावशी घोंगडी पांघरून खुर्चीत. आता एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले. तासाभराने मी विचारले, किती झाल्या? एक पोरगा ऐटीत म्हणाला, "चौदा!" मावशींनी आभाळावरची नजर न काढता विचारले, "चौदा तू पायल्या का?"

पोरगा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने वहीत काहीतरी खोडले आणि म्हणाला, "नऊ. पाचाच्या टायमाले सगळे ओरडले होते."

"हं," मावशी म्हणाल्या, "नऊ लिव."